साठ किलो तांदूळ, पण पाण्याचं काय?

«ताई, नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ सतराव्या मजल्यावर आमचं टू बीएचके आहे. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धाकटी चार महिन्यांची होती, वरच्या दुधावर होती. दुधाच्या पावडरीसाठी मी तीन दुकानं फिरले आणि रिकाम्या हाताने घरी आले. डबा दुसऱ्या दिवशी मिळाला, पण ती रात्र मनातून जात नाही. तेव्हापासून युद्धाची, संपाची, पावसाची बातमी आली की मी सामान भरते. मागच्या महिन्यात व्हिडिओ बघून वर्षाची तयारी म्हणून साठ किलो तांदूळ आणला आणि पलंगाखाली ठेवला. आता त्यात टोके झालेत. त्या पावडरीचे तीन डबे अजून माझ्या कपाटात आहेत, तेही कुणाला सांगितलेलं नाही. मिस्टर म्हणतात, तुला डॉक्टरची गरज आहे. सासूबाई काही बोलत नाहीत. रोज दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसतात, ते बघून मला जास्त लाज वाटते. मी खरंच वेडेपणा करतेय का? आणि घरात नेमकं किती असावं?»

सप्रेम नमस्कार.

वेडेपणा नाही. घरात भुकेलं तान्हं मूल आणि हातात रिकामी पिशवी, अशी एक रात्र ज्या बाईने काढली, तिला पुढे कधीही दुकानाचं अर्धं उतरलेलं शटर दिसलं तरी पोटात गोळा येणारच. तुमची भीती खऱ्या प्रसंगातून आलेली आहे. फक्त तिने तुम्हाला चुकीच्या वस्तूकडे नेलं. तुमच्या पत्रात तांदूळ दोनदा आला, पाणी एकदाही नाही. इन्सुलिनचा उल्लेख आहे, पण तो सासूबाईंची ओळख करून देताना. सतराव्या मजल्यावरच्या घरात सगळ्यात आधी अडतं ते पाणी, मग औषध, मग चूल. तांदळाची पाळी फार उशिरा येते.

आपल्या भागात टंचाई कशी येते ते आधी बघू, म्हणजे किती साठवायचं हे आपोआप कळेल. १९७२ च्या दुष्काळासारखं, धान्यच नाही म्हणून परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी खायची आणि रोजगार हमीच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीवर मुलं जगवायची, असं आपल्या वाट्याला आलेलं नाही. ठाण्यात २००५ पासून जे जे झालं, त्यात माल कुठेतरी होता, आपल्या दारापर्यंत पोचत नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, रस्ते आणि रेल्वे दोन्ही बुडाले. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप राज्यभर पसरला, तेव्हा दूध आणि भाजीच्या गाड्या शहराकडे यायच्या थांबल्या. मे २०२० मध्ये वाशीचं घाऊक मार्केट ११ तारखेपासून आठवडाभर बंद ठेवावं लागलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघा वाहिन्यांमधल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई या सगळ्यांची वीज एकदम गेली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या.

या प्रत्येक वेळी अडचण काही तासांची होती, काही दिवसांची होती, फार तर दोन आठवड्यांची. लॉकडाऊनमध्ये सुद्धा. एप्रिल २०२० पासून सरकारने रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य जादा आणि फुकट दिलं, ते गोदामं भरलेली होती म्हणूनच देता आलं. दुकानाच्या फळ्या रिकाम्या झाल्या त्या २४ मार्चच्या रात्री आठनंतर, कारण अख्खं शहर एकाच वेळी खाली उतरलं. तुमच्या लेकीच्या पावडरीचा डबा बहुतेक त्याच रात्री कुणीतरी सहा-सहाच्या हिशोबाने उचलला असेल. त्या बाईचंही बाळ लहान असेल, तीही घाबरलेली असेल. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आता त्याच जागी तुम्ही साठ किलो तांदूळ घेऊन उभ्या आहात, आणि तुम्हाला ती बाई व्हायचं नाही हे तुमच्या पत्रातल्या लाजेवरून मला कळतं.

तेव्हा वर्षाचा हिशोब सोडा. दोन आठवड्यांचा धरा. आणि तो साठा वेगळा, हात न लावायचा, पलंगाखालचा नको. रोजच्या खाण्यातलाच असू दे. ज्या डब्यातून आज भात शिजतो, त्याच्यामागे तसाच एक भरलेला डबा असतो. पुढचा संपला की मागचा पुढे येतो आणि यादीत एक डबा चढतो. आमच्या आईच्या फडताळात हेच चालायचं, ती त्याला ‘मागचा डबा’ म्हणायची. पैसे एकदम जात नाहीत, कीड लागायला वेळ मिळत नाही, आणि रात्री आठला कसलीही घोषणा झाली तरी तुम्हाला चप्पल घालून धावावं लागत नाही.

तुमच्या घराचा आकडा सांगते. तीन मोठी आणि दोन लहान माणसं म्हणजे दिवसाला साधारण दीड किलो धान्य, सगळं मिळून. चौदा दिवसांचं एकवीस किलो. त्यात दहा किलो तांदूळ, आठ किलो गहू आणि कणीक मिळून, आणि उरलेल्या तीन किलोंत ज्वारी किंवा नाचणी, पोहे, रवा. सासूबाईंसाठी ज्वारी-नाचणी जरा जास्त धरा. अडचणीच्या दिवसांत दोन्ही वेळा नुसता भात खाऊन त्यांची साखर वर गेली, तर तो नवा घोर. डाळी-कडधान्यं चार किलो, तेल दोन ते अडीच लिटर, साखर-गूळ दोन किलो, मीठ एक पिशवी मागे असली तरी खूप झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार म्हणून अफवा उठली आणि देशात कितीतरी ठिकाणी लोकांनी शेकड्याने रुपये मोजून किलोभर मीठ नेलं. मीठ कुठेही संपलेलं नव्हतं.

कडधान्यांत मटकी, मूग आणि वाल नक्की ठेवा. भाजीची गाडी आली नाही तर मोड आलेली मटकी हीच ताजी भाजी. तिला शेत लागत नाही, वाटीभर पाणी आणि ओलं फडकं पुरतं. सुक्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्वही मोडांबरोबर तयार होतं. जोडीला आमसुलं, लोणचं, सांडगे, मेतकूट. मासे खात असाल तर मे महिन्यातच सुकट आणि बोंबील भरून ठेवा, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ठाण्याच्या कोळी आणि आगरी घरांत आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी हे सगळं भरून व्हायचं, अजूनही होतं. तुम्ही व्हिडिओत बघितलेली तयारी आपल्या आज्यांना नवीन नव्हती. तिला बेगमी म्हणत, आणि ती पावसाच्या चार महिन्यांपुरती असे, जगबुडीसाठी नसे.

कांद्याचं एक लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये येतो तो उन्हाळ कांदा, तोच टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा भराभर सडतो, मोड धरतो. म्हणून दहा किलो घ्यायचा तर मेमध्ये, जाळीच्या पोत्यात किंवा टोपलीत, हवेशीर जागी आणि बटाट्यापासून लांब. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरी पार गेला तेव्हा घाबरून पोतं आणणारे होते. त्यांनी सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी टिकणारा कांदा घेतला. तेलाचंही तसंच. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, मग इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात थांबवली, ती तीन-चार आठवड्यांत पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या दिवसांत ज्यांनी पंधरा लिटरचे डबे घेतले, त्यांनी चढा भाव दिला आणि शेवटचं तेल खवट खाल्लं. भाव चढणं आणि वस्तू न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर उपाय साठा नव्हे, थोडं कमी वापरणं.

आता ते साठ किलो.

ते वाया गेलेले नाहीत. तुमच्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो तांदूळ शिजत असेल, म्हणजे हा तीन-चार महिन्यांचा माल आहे. आधी सगळा बाहेर काढून वास घ्या. कुबट, बुरशीचा वास येत असेल किंवा दाणे ओलसर, काळपट लागत असतील तर तेवढा भाग टाकून द्या, धुऊन वापरू नका. नुसते टोके असतील तर तांदूळ खाण्याजोगा आहे. चादरीवर पातळ पसरा, पंखा लावा, पण कडक उन्हात नको, उन्हाने तांदूळ तडकतो आणि शिजताना त्याची कणी होते. टोके उजेडाला आपोआप बाहेर पडतात. मग चाळा, पाखडा. दिसत नाहीत ती अंडी, ती दाण्याच्या आत असतात, म्हणून आज निवडलेल्या तांदळात महिन्याने पुन्हा टोके दिसतात. त्यावर उपाय फ्रीजर. दोन-दोन किलोच्या घट्ट पिशव्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरच्या हवेची ओल दाण्यावर धरते. मग कोरड्या डब्यात, डबा गच्च भरून. वीस किलो असे करून ठेवा.

बाकीच्यातला पंधरा-वीस किलो आत्ताच, चांगला आहे तोवर द्या. घरकामाच्या मावशी, वॉचमन, सोसायटीचे सफाई कामगार, यांना विचारून द्या, निवडून द्या. मावशींना आणखी एक विचारा, रेशनकार्ड आहे का आणि कुठलं. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य सध्या फुकट मिळतं, आणि कार्ड गावचं असलं तरी ठाण्यातल्या दुकानातून अंगठा लावून उचलता येतं. कितीतरी बायकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या वीस किलोंपेक्षा ही माहिती त्यांच्या घराला जास्त दिवस पुरेल.

कीड लागू नये म्हणून लोक काय काय घालतात, त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बोरिक पावडर अनेक घरांत तांदळाला चोळतात. ती पोटात जाण्याची वस्तू नाही, आणि तुमच्या घरात लहान मुलं आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. आणि गोदामात धुरी देण्यासाठी वापरतात त्या सेल्फॉससारख्या गोळ्या कुणीही, कितीही ओळखीच्या दुकानदाराने दिल्या, तरी घरात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठलेली नाहीत असं घडलेलं आहे. पलंगाखाली पोतं आणि पोत्यात ती गोळी, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं तरी मला कापरं भरतं. कडुनिंबाचा पाला चालेल, पण सावलीत अगदी कडकडीत वाळवलेला. तूरडाळ आणि गव्हाला हाताला लागेल इतपत एरंडेल चोळा. रवा कोरडाच भाजून ठेवा. एवढं पुरे.

गव्हाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. २००५ च्या जुलैत आम्ही कळव्याला राहत होतो. घरात गव्हाची कोठी भरलेली होती, मला त्याचा अभिमान होता. २६ तारखेला पाऊस सुरू झाला, वीज गेली आणि दोन दिवस आली नाही. पिठाच्या डब्यात दोन वेळच्या पोळ्यांपुरती कणीक. गिरणी बंद. पन्नास किलो गहू घरात असताना मुलांना तिसऱ्या वेळी गव्हाची खीर करून घातली, तेही गहू रात्रभर भिजवून, खलबत्त्यात कांडून. त्या दिवसापासून मी घरातली प्रत्येक वस्तू बघताना विचारते, हिला तोंडापर्यंत जायला आणखी काय लागतं? गव्हाला गिरणी लागते, गिरणीला वीज. तांदळाला पाणी आणि गॅस लागतो. म्हणून कणीक नेहमी आठवड्याची तरी दळलेली असू द्या. पावसाळ्यात महिन्याची एकदम दळू नका, ती वास धरते.

आणि काही खाणं असं हवं ज्याला काहीच लागत नाही. दडपे पोहे बघा, पातळ पोहे, कांदा, खोबरं, लिंबू, चूल पेटवायची गरज नाही. सातूचं पीठ पाण्यात कालवून गूळ घातला की लहान मुलाचं पोट भरतं. फुटाणे, शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे. तीन दिवस पुरतील एवढं हे सगळं एका डब्यात असावं. दुधासाठी जास्त टिकणाऱ्या खोक्यातलं दूध पाच-सहा लिटर किंवा पावडरीचं एक पाकीट, तारीख बघून, चहात वापरत-वापरत बदलत राहायचं.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही. आपल्याला भातसाचं पाणी, शहाड-टेमघर योजनेचं म्हणजे स्टेमचं पाणी, एमआयडीसीचं बारवीचं पाणी, मुंबई महापालिकेकडून मिळणारं पाणी, असं चार ठिकाणांहून येतं. कुठलीही जलवाहिनी फुटली, पंपिंगची वीज गेली, दुरुस्तीचा शटडाऊन लागला की कुठला ना कुठला भाग चोवीस तास कोरडा राहतो. आणि पाणी सोसायटीच्या खालच्या टाकीत आलं, तरी ते वरच्या टाकीत चढवायला पंप लागतो आणि पंपाला वीज. जनरेटर असेल तर त्याला डिझेल. सतराव्या मजल्यावर हे सगळे दुवे एकाच वेळी जुळले तर तुमच्या नळाला पाणी.

माणशी पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला चार लिटर धरा. पाच माणसांचे वीस, तीन दिवसांचे साठ. वीस लिटरचे तीन झाकणाचे कॅन किंवा स्टीलची पिंपं, एवढीच जागा लागते, आणि ती तुमच्या पलंगाखाली आता होणार आहे. रोज एका कॅनमधलं पाणी वापरा आणि तो पुन्हा भरा, म्हणजे पाणी तीन दिवसांहून जुनं होत नाही आणि वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. वापरायच्या पाण्याला बाथरूममध्ये एक मोठं पिंप, घट्ट झाकणाचं. उघड्या पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा ते रिकामं करून, आतून घासून, कोरडं करून भरायचं. तुमच्या ओट्यावरचं आरओ विजेवर चालतं हे विसरू नका. वीज गेली की ते नुसतं खोकं, म्हणून पिण्याचे कॅन आधीच त्यातून भरलेले हवेत. टँकरचं किंवा शंकेचं पाणी आलं तर गाळून, खळखळून उकळी आणा, किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घाला.

चुलीचं थोडक्यात. तुमच्याकडे पाइप गॅस असेल तर एक इंडक्शन शेगडी आणि त्यावर चालणारा कुकर घेऊन ठेवा. एक बंद पडलं तर दुसरं चालतं. ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांनी दुसरा जोडून घ्यावा आणि पहिला संपला त्याच दिवशी नंबर लावावा. जादा सिलिंडर गॅलरीत लपवणं, बाटलीत पेट्रोल ठेवणं, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणं, यातलं काहीही नको. टंचाईने माणसं क्वचित दगावतात, अशा उपायांनी दगावतात. एलपीजीची गळती झाली तर १९०६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. डाळ-तांदूळ भिजवून कुकरला लावले, एक-दोन शिट्ट्या झाल्यावर कुकर उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवला, तर आतल्या वाफेवर शिजणं पुरं होतं आणि गॅस बराच वाचतो. हे एकदा सुट्टीच्या दिवशी करून बघा.

इन्सुलिनला माझ्या यादीत तांदळाच्या वरची जागा आहे. डॉक्टरांना भेटून, घरात नेहमी एक महिन्याचं पुढचं इन्सुलिन, सुया आणि साखर तपासायच्या पट्ट्या राहतील अशी चिठ्ठी घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्याही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं असतं. वापरात काढलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालतं, पण तुमच्या प्रकाराचा कागद वाचून औषधवाल्याकडून खात्री करा. वीज गेली की फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज चार तास तरी गार राहतो. त्याहून लांबलं तर जुनी माठाची पद्धत. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. जांभळी नाक्याच्या बाजारातून उन्हाळ्यात दोन मडकी आणून ठेवा. आणि सासूबाईंच्या उशाशी साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या. जेवणाच्या वेळा चुकल्या की इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम खाली येते, आणि अडचणीच्या दिवसांत सगळ्यात आधी वेळाच चुकतात.

घरात दोन-तीन हजार रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा. मोबाइलचं नेटवर्क गेलं की भाजीवाल्याचा क्यूआर कोड नुसता कागद असतो.

मिस्टरांबद्दल. ते डॉक्टर म्हणाले ते वैतागून म्हणाले असतील, पण त्या शब्दाला घाबरू नका. बातमी वाचून रात्र-रात्र झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर समुपदेशकाशी जरूर बोला, त्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. साठ्याचं मात्र त्यांच्याशी भांडून ठरवू नका. त्यांच्यावर एक काम सोपवा, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून यायचं. वरची टाकी किती लिटरची, पंप बंद पडला तर किती तास पुरते, जनरेटरवर पंप आहे की फक्त लिफ्ट, डिझेल किती असतं, आणि लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यांवर पाणी कोण पोचवणार. हे आकडे ऐकल्यावर माणूस आपोआप गंभीर होतो, असं मी आमच्याकडे पाहिलं आहे. आमच्या जिन्यात आम्ही एक वहीच केली. कुणाकडे इन्सुलिन, कुणाकडे ऑक्सिजनचं मशीन, कुणाकडे तान्हं बाळ, कुणाकडे एकटी राहणारी वयस्क व्यक्ती. लॉकडाऊनमध्ये त्या वहीवरून चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या बाळाला पहिल्या मजल्यावरून दूध गेलं. तुमच्या जिन्यात त्या रात्री अशी वही असती, तर कदाचित तुम्हाला तीन दुकानं फिरावी लागली नसती.

आणि सासूबाईंचं तांदूळ निवडणं तुम्ही ठपका म्हणून घेताय. मला तसं वाटत नाही. पत्रात तुम्ही त्यांचं वय लिहिलेलं नाही, पण त्या साठीच्या पुढच्या असाव्यात. मग बहात्तर साल त्यांनी पाहिलेलं असणार, निदान घरात ऐकलेलं तरी. त्या पिढीला धान्य टाकवत नाही, आणि टाकवत नाही म्हणून त्या गप्प बसून निवडतात. उद्या दुपारी त्यांच्याशेजारी दुसरं सूप घेऊन बसा. मिलोची भाकरी कशी लागायची ते विचारा, सांडगे घालायला शिका. साठ्याच्या डब्यांवर तारखा घालायचं आणि पुढचा-मागचा डबा फिरवायचं काम त्यांच्याकडे द्या. तुमच्याहून त्या ते नेटकं करतील, आणि त्यांचाही दिवस चांगला जाईल.

राहिले कपाटातले ते तीन डबे. धाकटी आता शाळेत जात असेल. त्या डब्यांची तारीख केव्हाच उलटली आहे, तेव्हा ती पावडर कुणाच्याही बाळाला देऊ नका, घरातही वापरू नका. पण डबे चांगले असतात, घट्ट झाकणाचे. पावडर टाकून द्या, डबे धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. एकात भाजलेला रवा राहील, एकात मेतकूट. तिसऱ्यात धाकटीला राजगिऱ्याचे लाडू भरू द्या, आणि संपले की भरायचे कुणी, तेही तिच्याकडेच असू द्या.